हंबकर

हंबकर हा इलेक्ट्रिक गिटारमध्ये वापरल्या जाणाऱ्या चुंबकीय पिकअपचा एक प्रकार आहे. तारेच्या कंपनांचे विद्युत संकेतात रूपांतर करणाऱ्या घटकाला पिकअप म्हणतात. साध्या पिकअपमध्ये तारेचे एकच वेटोळे, म्हणजे कॉइल असते. हंबकरमध्ये अशा दोन कॉइल्स परस्परविरोधी जोडणीत बसवलेल्या असतात. त्यामुळे घरगुती वीजपुरवठ्यातून शिरणारी गुणगुण मोठ्या प्रमाणात नाहीशी होते. ‘हम’ म्हणजे गुणगुण आणि ‘बक’ म्हणजे प्रतिकार करणे, यावरून हे नाव पडले. गिब्सन कंपनीतील अभियंता सेथ लव्हर यांनी इ.स. १९५५ मध्ये पेटंटसाठी सादर केलेला पिकअप हा या प्रकारातील सर्वांत प्रभावी नमुना मानला जातो.

गुणगुण घालवण्यासाठी केलेल्या या रचनेने गिटारचा नादही बदलला. गिटारप्रेमींमध्ये वाद्य, पिकअप आणि ॲम्प्लिफायर यांची जी तुलना सतत चालते, तिचा मोठा भाग सिंगल कॉइल व हंबकर यांच्यातील याच फरकाभोवती फिरतो.

पार्श्वभूमी

नृत्यगृहांतील वाद्यवृंदांत पितळी सुषिर वाद्यांपुढे साध्या गिटारचा आवाज टिकत नसे. या अडचणीवर १९३० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत उपाय निघाला. जॉर्ज बोशाँ यांनी नालाकृती चुंबकांचा पिकअप तयार केला आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांच्या सहकार्याने इ.स. १९३२ मध्ये तो बसवलेली ॲल्युमिनियमची हवाईयन गिटार बाजारात आणली. तिच्या आकारामुळे ती ‘फ्राइंग पॅन’ या टोपणनावाने ओळखली जाते. इ.स. १९३६ मध्ये गिब्सनने ईएस-१५० ही गिटार आणली. जॅझ वादक चार्ली ख्रिश्चन यांच्यामुळे तिचे नाव झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर, इ.स. १९४६ मध्ये, त्याच कंपनीचा पी-९० हा पिकअप आला. इ.स. १९५० पासून लिओ फेंडर यांच्या कारखान्यातून भरीव लाकडी अंगाच्या गिटारी बाहेर पडू लागल्या. या सर्वांचे पिकअप सिंगल कॉइल होते.

सिंगल कॉइलमध्ये एक मूलभूत दोष आहे. हजारो वेढ्यांची कॉइल म्हणजे बदलते चुंबकीय क्षेत्र पकडणारी अँटेनाच असते. तारेच्या हालचालीने होणारा बदल आणि जवळच्या ट्रान्सफॉर्मरमुळे होणारा बदल यांत तिला भेद करता येत नाही. अमेरिकेत ६० हर्ट्झ आणि भारतात व युरोपात ५० हर्ट्झ वारंवारतेचा वीजपुरवठा असतो. ही वारंवारता व तिच्या पटीतील वारंवारता मिळून ऐकू येणारी गुणगुण बनते. सिंगल कॉइलची गिटार हातात घेऊन वादक जागेवरच वळला की ही गुणगुण कमीजास्त होते, कारण कॉइलची क्षेत्राशी असलेली दिशा बदलते.

विरोधी कॉइल जोडून गुणगुण घालवण्याची कल्पना सेथ लव्हर यांच्याही आधीची आहे. बाल्डविन या पियानो कंपनीतील आर्मंड नोब्लॉ यांनी इ.स. १९३५ मध्येच अशा रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. गिटारसाठी ती व्यवहार्य आणि कारखान्यात मोठ्या संख्येने तयार करण्याजोगी होण्यास मात्र आणखी वीस वर्षे जावी लागली.

रचना व कार्य

पिकअपमधील चुंबकामुळे वरून जाणारी पोलादी तार स्वतः काही प्रमाणात चुंबकित होते. ती कंप पावू लागली की कॉइलमधून जाणाऱ्या चुंबकीय बलरेषांची संख्या बदलते आणि विद्युतचुंबकीय प्रवर्तनाने कॉइलमध्ये विभवांतर निर्माण होते. नायलॉनच्या तारा अशा पिकअपवर निरुपयोगी ठरतात, याचे कारण हेच.

हंबकरमध्ये दोन कॉइल्स शेजारीशेजारी असतात. त्यांच्याखाली एकच पट्टीसारखा चुंबक आडवा ठेवलेला असतो. त्याची एक बाजू एका कॉइलच्या लोखंडी खिळ्यांना आणि दुसरी बाजू दुसऱ्या कॉइलच्या स्क्रूंना टेकते. परिणामी एका कॉइलमध्ये तारेकडे उत्तर ध्रुव, तर दुसऱ्या कॉइलमध्ये दक्षिण ध्रुव येतो. दोन्ही कॉइल्सची विद्युत जोडणीही एकमेकींच्या उलट केलेली असते. बाहेरून येणाऱ्या गुणगुणीचा कॉइलखालच्या चुंबकाशी संबंध नसतो. ती दोन्ही कॉइल्समध्ये सारखीच उमटते आणि उलट जोडणीमुळे एकमेकींना छेदून जाते. तारेचा संकेत मात्र दोनदा उलटतो, एकदा ध्रुव उलट असल्यामुळे आणि एकदा जोडणी उलट असल्यामुळे. दोन उलटांचे सुलट होऊन तो बेरजेत मिळतो.

गिब्सनच्या मूळ हंबकरमध्ये प्रत्येक कॉइलला सुमारे ५,००० वेढे असत. तार ४२ गेजची, म्हणजे साधारण ०.०६३ मिलिमीटर व्यासाची, केसाएवढी बारीक होती. पिकअपवर निकेल सिल्व्हर या मिश्रधातूचे झाकण बसवले जाई. कॉइल्सच्या विरोधी जोडणीने केवळ चुंबकीय मार्गाने येणारी गुणगुण थांबते. स्थिरविद्युत मार्गाने येणारी खरखर थांबवण्यासाठी असे धातूचे कवच लागते. पितळेपेक्षा निकेल सिल्व्हरची विद्युतवाहकता कमी असल्याने त्यात भोवरी प्रवाह कमी निर्माण होतात आणि तार स्वर कमी दबतात. झाकणाच्या धातूची निवड म्हणूनच दिसण्यापुरती नाही.

मूळ आराखड्यात उंची कमीजास्त करता येणारे स्क्रू नव्हते. विक्री विभागाला ग्राहकांपुढे बोलायला काहीतरी हवे होते म्हणून ते घातले गेले, असे लव्हर यांनी नंतर मुलाखतीत सांगितले. आज हेच सहा स्क्रू हंबकरची दृश्य ओळख बनले आहेत.

गिब्सन, ग्रेच आणि पेटंट

सेथ लव्हर यांचा अर्ज २२ जून १९५५ रोजी दाखल झाला. टेड मॅकार्टी तेव्हा मिशिगन राज्यातील कॅलमॅझू येथील गिब्सन कंपनीचे अध्यक्ष होते. पिकअप प्रथम स्टील गिटारींवर आणि इ.स. १९५७ मध्ये लेस पॉल, ईएस-१७५ यांसारख्या गिटारींवर बसवला गेला. त्याच सुमारास रे बट्स यांनी वादक चेट ॲटकिन्स यांच्यासाठी स्वतंत्रपणे दोन कॉइल्सचा पिकअप बनवला. तो ग्रेच कंपनीने ‘फिल्टरट्रॉन’ या नावाने वापरला. बट्स यांचा अर्ज लव्हर यांच्यानंतरचा, पण त्यांना पेटंट ३० जून १९५९ रोजी, म्हणजे लव्हर यांच्या २८ जुलै १९५९ या तारखेच्या जवळपास महिनाभर आधी मिळाले. दोन्ही रचनांना पेटंट मिळाल्याने ‘पहिला कोण’ हा वाद अर्ज की मंजुरी यांपैकी कशाला महत्त्व द्यावे, एवढ्यापुरताच उरतो.

अर्ज प्रलंबित असताना गिब्सनने पिकअपच्या तळाला ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाची छोटी काळी चिकटपट्टी लावण्यास सुरुवात केली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे पिकअप ‘पीएएफ’ म्हणून ओळखले जातात. पेटंट मिळाल्यावरही ही पट्टी साधारण इ.स. १९६२ पर्यंत चालू राहिली. त्यानंतरच्या पट्टीवर २७,३७,८४२ हा पेटंट क्रमांक छापला गेला. पण हा क्रमांक हंबकरचा नसून लेस पॉल यांच्या तारा अडकवण्याच्या पट्टीचा, म्हणजे टेलपीसचा आहे. नक्कल करणाऱ्यांनी भलताच आराखडा मागवावा म्हणून हे मुद्दाम केले, असा तर्क नेहमी मांडला जातो.

पीएएफ पिकअप एकमेकांसारखे नव्हते. चुंबकासाठी अल्निको या ॲल्युमिनियम, निकेल व कोबाल्टयुक्त मिश्रधातूच्या २ ते ५ क्रमांकाच्या प्रतींपैकी जी उपलब्ध असेल ती वापरली जाई. वेढे काटेकोर मोजण्याची सोय नसल्याने बॉबिन भरले की कॉइल पूर्ण झाली असे धरले जाई. याचा परिणाम म्हणून एका पिकअपचा विद्युत रोध साडेसात किलोओम, तर दुसऱ्याचा नऊ किलोओम असा फरक आढळतो. एकाच पिकअपमधील दोन कॉइल्सचे वेढेही क्वचितच समान असत. अशा विषम कॉइल्समध्ये गुणगुण पूर्ण छेदली जात नाही, पण तारेच्या संकेतातील तार स्वरही कमी छेदले जातात आणि नाद थोडा मोकळा राहतो. ‘पीएएफचा नाद’ असा एकवचनी उल्लेख सर्रास होत असला, तरी तो एकच एक नाद कधी नव्हता.

नादातील फरकाची कारणे

सिंगल कॉइलचा नाद तेजस्वी आणि हंबकरचा भरीव व मऊ, असे वर्णन सर्वत्र आढळते. त्यामागे दोन स्वतंत्र कारणे आहेत आणि तुलना करताना त्यांची सरमिसळ होते.

पहिले कारण विद्युत स्वरूपाचे आहे. जास्त वेढे व लोखंडी गाभा यांमुळे हंबकरचा इंडक्टन्स अधिक असतो. हा इंडक्टन्स आणि केबलची धारिता मिळून एक अनुनादी मंडल तयार होते. अनुनादाच्या वारंवारतेजवळ संकेत उठावदार होतो आणि तिच्या वर झपाट्याने घसरतो. ही वारंवारता कोठे पडते यावर नादाची चकाकी ठरते. स्ट्रॅटोकास्टरच्या पिकअपचा इंडक्टन्स २.४ हेन्री, हंबकरचा ४.५ हेन्री, केबलची धारिता दर मीटरला १०० पिकोफॅरड आणि कॉइलची व अंतर्गत जोडणीची मिळून १०० पिकोफॅरड, अशी वास्तवाला धरून मूल्ये घेतली, तर पाच मीटर केबलवर सिंगल कॉइलचा अनुनाद सुमारे ४,२०० हर्ट्झला आणि हंबकरचा सुमारे ३,०६० हर्ट्झला येतो. आता त्याच सिंगल कॉइलला दहा मीटर केबल लावली, तर तिचा अनुनाद सुमारे ३,१०० हर्ट्झपर्यंत, म्हणजे जवळजवळ हंबकरच्या जागी उतरतो. दोन पिकअपांची तुलना करताना केबलची लांबी न सांगणे किती महागात पडते, हे या साध्या गणितावरून दिसते.

अनुनाद किती टोकदार असावा हे आवाज कमीजास्त करणाऱ्या पोटेन्शिओमीटरवर अवलंबून असते. फेंडरच्या सिंगल कॉइल गिटारींमध्ये तो बहुधा २५० किलोओमचा, तर गिब्सनच्या हंबकर गिटारींमध्ये ५०० किलोओमचा असतो. कमी मूल्याचा पोटेन्शिओमीटर शिखर दाबतो. म्हणून हंबकर काढून त्या जागी सिंगल कॉइल बसवणाऱ्यांना ती कधीकधी कर्कश वाटते. दोष पिकअपचा नसून मागे राहिलेल्या ५०० किलोओमचा असतो.

दुसरे कारण भौमितिक आहे. हंबकरच्या दोन कॉइल्समधील अंतर साधारण १८ ते १९ मिलिमीटर असते, त्यामुळे तो तार दोन ठिकाणी ऐकतो. तारेवरील ज्या कंपनाची तरंगलांबी या अंतराच्या दुप्पट असते, त्याचे दोन्ही ठिकाणचे संकेत परस्परविरोधी येऊन छेदले जातात. गिब्सनच्या लांबीच्या गिटारवर सर्वांत जाड तारेसाठी ही वारंवारता सुमारे २,८०० हर्ट्झ, तर सर्वांत बारीक तारेसाठी सुमारे ११,२०० हर्ट्झ येते. गिटारचे स्पीकर ५,००० हर्ट्झच्या वर फारसे वाजत नाहीत; तेव्हा बारीक तारेवर हा परिणाम ऐकूच येत नाही, जाड तारांवर मात्र येतो. हंबकरचा ‘मऊपणा’ खर्जाच्या तारांवर अधिक जाणवतो, यात या भूमितीचा वाटा आहे.

पिकअप तारेच्या कोणत्या भागाखाली आहे, याचा परिणाम मात्र या दोन्हींपेक्षा मोठा असतो. ब्रिजजवळ तारेच्या मूळ स्वराचे कंपन अगदी लहान असते आणि वरच्या हार्मोनिकांचे प्रमाण जास्त, म्हणून तेथील नाद टोकदार होतो. मानेजवळचा पिकअप चोविसाव्या पट्टीच्या जागी असला तरच गोड वाजतो, कारण तेथे चौथ्या हार्मोनिकचा स्थिर बिंदू येतो, अशी एक समजूत वादकांमध्ये रूढ आहे. ती केवळ मोकळ्या तारेपुरती खरी आहे. पहिल्याच पट्टीवर बोट ठेवले की तारेची लांबी बदलते आणि सर्व स्थिर बिंदू सरकतात.

ॲम्प्लिफायरशी संबंध

सिंगल कॉइलपेक्षा हंबकरचा संकेत सामान्यतः बलवान असतो. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये असा संकेत पहिल्या टप्प्यांवरच मर्यादा ओलांडू लागतो आणि विरूपण, म्हणजे डिस्टॉर्शन निर्माण होते. लव्हर यांचा हेतू स्वच्छ, गुणगुणविरहित नाद हा होता. ईएस-१७५ वाजवणाऱ्या जॅझ वादकांनी तो तसाच वापरलाही.

दुसरी वाट लंडनमध्ये सापडली. जिम मार्शल यांच्या दुकानात तयार झालेला जेटीएम-४५ हा ॲम्प्लिफायर फेंडरच्या बासमन या ॲम्प्लिफायरच्या मंडलावर आधारलेला होता. इ.स. १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टन यांनी जॉन मेयॉल यांच्या ब्लूजब्रेकर्स या समूहाच्या ध्वनिमुद्रणात हंबकर असलेली लेस पॉल गिटार मार्शल ॲम्प्लिफायरवर मोठ्या आवाजात वाजवली. तो भरदार, लांबणारा नाद पुढे रॉक संगीताचा पाया ठरला. विशेष म्हणजे ही गिटार तेव्हा उत्पादनातून बाद झालेली होती. सनबर्स्ट रंगाची लेस पॉल इ.स. १९५८ ते १९६० या काळातच बनली आणि तिची एकूण संख्या दोन हजारांहून कमी होती. वाढत्या मागणीमुळे गिब्सनने इ.स. १९६८ मध्ये लेस पॉल पुन्हा सुरू केली.

एकच पिकअप ईएस-१७५ वर मखमली आणि मार्शलवर गर्जना करणारा वाटतो, हे लक्षात घेतले तर ॲम्प्लिफायरचा उल्लेख टाळून केलेले पिकअपचे वर्णन अपुरे का पडते, ते कळते. ॲम्प्लिफायरचा इनपुट इम्पीडन्स बहुधा १ मेगाओम असतो आणि पिकअपवर त्याचा भार नगण्य पडतो. फझ प्रकारच्या काही पेडल्सचा इम्पीडन्स मात्र खूपच कमी असतो. तेथे अनुनादाचे शिखर सपाट होते आणि दोन भिन्न पिकअप सारखेच वाटू लागतात.

तुलनेतील मतभेद

पिकअपची ‘ताकद’ सांगताना विक्रेते आणि वादक बहुधा विद्युत रोधाचा आकडा देतात. मल्टीमीटरने तो सहज मोजता येतो, एवढेच त्याचे समर्थन करता येईल. रोध तारेच्या लांबीबरोबरच तिच्या जाडीवरही अवलंबून असतो. ४३ गेजच्या बारीक तारेने तेवढेच वेढे घेतले तर रोध वाढतो, पण संकेत त्या प्रमाणात वाढत नाही. तापमानाचाही परिणाम होतो. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. २० अंशांवर ८ किलोओम दाखवणारा पिकअप ३५ अंशांवर जवळपास ८.५ किलोओम दाखवील. उन्हाळ्यात मोजलेल्या पिकअपची हिवाळ्यात मोजलेल्याशी तुलना करून एकाला ‘जास्त दमदार’ ठरवणे निरर्थक आहे. इंडक्टन्स आणि अनुनादाची वारंवारता हे आकडे अधिक बोलके आहेत; सर्व उत्पादक ते प्रसिद्ध करत नाहीत.

तारेपासून पिकअपची उंची हा घटक फुकटात बदलता येतो, तरी तुलनेत तो सर्वाधिक दुर्लक्षिला जातो. पिकअप एक-दोन मिलिमीटर वर घेतल्यास संकेत वाढतो. मात्र ज्या पिकअपांत चुंबकच थेट तारेखाली उभे असतात, त्यांत फार जवळ घेतल्यास चुंबकाची ओढ तारेच्या कंपनात अडथळा आणते आणि स्वर बेसूर भासू लागतो. शिवाय दोन आवाजांपैकी किंचित मोठा आवाज कानाला अधिक चांगला वाटतो, त्यामुळे पातळी समान न करता दिलेला कौल पिकअपपेक्षा पातळीवरचाच कौल असतो.

लाकडाचा वाद याहून तीव्र आहे. चुंबकीय पिकअप हवेतील ध्वनी ऐकत नाही. लाकडाचा प्रभाव पोहोचायचा तर तो तारेच्या कंपनातूनच पोहोचू शकतो. असा प्रभाव अस्तित्वात आहे. मानेच्या कंपनामुळे काही पट्ट्यांवर स्वर लवकर विझतो, आणि अशा ‘मृत जागा’ मोजमापांत स्पष्ट दिसल्या आहेत. परंतु त्या विशिष्ट वाद्याच्या मानेची ताठरता व वजन यांच्याशी निगडित असतात. त्यावरून महोगनी ‘ऊबदार’ आणि मेपल ‘तेजस्वी’ असा सरसकट नियम निघत नाही.

नंतरचे प्रकार

फेंडरने इ.स. १९५७ मध्ये प्रिसिजन बासला दोन भागांत विभागलेला पिकअप दिला. त्यात प्रत्येक अर्धा भाग दोनच तारा ऐकतो, तरी गुणगुण छेदली जाते. पुढे इ.स. १९६७ मध्ये लव्हर स्वतः फेंडरमध्ये गेले आणि तेथे त्यांनी ‘वाइड रेंज’ हंबकर तयार केला. लॅरी डिमार्झिओ यांचा ‘सुपर डिस्टॉर्शन’ हा १९७० च्या दशकाच्या आरंभी आलेला पिकअप मूळ गिटारीतील पिकअप काढून त्या जागी बसवण्यासाठी स्वतंत्रपणे विकला गेला आणि त्यातून सुट्या पिकअपांचा व्यवसाय उभा राहिला. दोन्ही बॉबिन पिवळसर पांढऱ्या असण्याचा व्यापारचिन्ह-हक्क अमेरिकेत डिमार्झिओ कंपनीकडे आहे. मजेची बाब अशी, की हा रंग मुळात गिब्सनच्या काही पीएएफ पिकअपांमध्ये झाकणाखाली दडलेला होता.

स्विचने एक कॉइल बंद करण्याची सोय अनेक गिटारींत असते. त्यामुळे नाद सिंगल कॉइलकडे झुकतो, पण गुणगुणही परत येते. एकावर एक रचलेल्या कॉइल्सचे पिकअप आणि आत बॅटरीवर चालणारा प्रवर्धक असलेले सक्रिय पिकअप हे यावरचे निरनिराळे तोडगे आहेत.

जुन्या पिकअपांचा व्यापार

मूळ पीएएफ पिकअपांना संग्राहकांकडून मोठी किंमत मिळते आणि त्यामुळे नकलाही भरपूर आहेत. तळाची चिकटपट्टी सहज छापता येते, म्हणून तिच्यावर विसंबले जात नाही. जाणकार बॉबिनवरील चौकोनी छिद्र व वर्तुळाच्या खुणा, तळपट्टीच्या पायांवर साच्याने उमटलेले ओरखडे आणि विणलेल्या कवचाची जोडतार पाहतात. झाकणाचा डाग, म्हणजे सोल्डर, कधीही न उघडलेला असल्यास किंमत आणखी वाढते. मात्र अशा वेळी आतले चुंबक आणि बॉबिन कोणते आहेत, हे झाकण न उघडता पाहता येत नाही. बहुतेक व्यवहार त्यामुळे रोधाचा आकडा आणि विक्रेत्याचा शब्द यांवरच होतात.